आवाज दबलाय? आधी डावं-उजवं करा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. मागच्या सोप्यात पूर्वी माग होते, आता नाहीत. टेबलावर येणाऱ्या स्पीकरच्या तक्रारींत "बॉक्स बंद पडलाय" ही सगळ्यात सोपी. तार तुटलेली असते नाहीतर कॉइल गेलेली, मीटर लावला की लगेच कळतं. अवघड तक्रार दुसरी. "मामा, आवाज येतोय, खरं गोधडीखालून आल्यागत येतोय." कन्नड बोलणारं गिऱ्हाईक असलं तर "ट्रेबल बरंगिल्ला" (ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, येत नाहीत) एवढंच म्हणतं आणि बॉक्स टेबलावर ठेवतं. तोवर घरी मागची फळी उघडून झालेली असते, एखाद-दुसरा स्क्रू हरवलेला असतो, आणि पुष्कळदा दोष भलतीकडेच निघतो: फोनच्या सेटिंगमध्ये, बॉक्सवरच्या कापडात, मागच्या एका पितळी पट्टीत.

घरच्या स्टिरिओचा आवाज दबला तर मी कुठून सुरुवात करतो आणि कुठं थांबतो, ते इथं क्रमानं लिहितोय. यातलं निम्मं काम तुम्हाला घरी, काहीही न उघडता करता येईल.

काय गेलंय ते आधी ऐका

घरगुती बॉक्समध्ये साधारणपणे दोन स्पीकर असतात. मोठा वूफर दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंतचं ओझं वाहतो, त्याच्या वरचं सगळं छोट्या ट्विटरवर. पेटी, गाणाऱ्याचा मूळ सूर, डग्गा, ढोलकीची घूम हे सगळं वूफरमध्येच भागतं. त्यामुळं ट्विटर मेला तरी गाणं चालूच राहतं आणि घरच्यांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. जातं ते एवढंच: टाळांचा खणखणाट, घुंगरू, तबल्याच्या चाटेवरचा "ना", बोलण्यातले स आणि श, तंबोऱ्याची जवारी. हे गेलं असेल तर ट्रेबल गेलाय. आवाज फाटत असेल, खरखरत असेल किंवा बास पोकळ झाला असेल, तर तो वेगळा आजार; त्यासाठी पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

तपासायला नवीन काही लावू नका, तुमच्या कानाला पाठ असलेलं लावा. मी टाळ-पखवाजाचं भजन लावतो, कारण टाळ लपत नाही. खयाल ऐकणाऱ्यांनी तंबोऱ्यावर लक्ष ठेवावं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच. त्यांची पुढच्या काळातली एलपीवरची ध्वनिमुद्रणं लावली तर मागचे तंबोरे गळ्यापासून वेगळे ऐकू यायला हवेत. त्याउलट मल्लिकार्जुन मन्सूरांच्या १९३० च्या दशकातल्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं लावून बॉक्सला दोष देऊ नका. त्या तबकडीत वरचे सूर मुळातच फारसे नाहीत. मध्यम लहरींवरच्या धारवाड किंवा सांगली आकाशवाणीचंही तसंच. त्या लहरींवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही, एफएमवर पंधरा हजारांपर्यंत येतं.

डावं-उजवं

आता मुख्य काम. यात खर्च काही नाही.

स्टिरिओ गाण्यात डावीकडं एक वाद्य आणि उजवीकडं दुसरं असू शकतं, म्हणून आधी दोन्हीकडं एकच आवाज जाईल असं करा. ॲम्पवर, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर, मोनोचं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" असतं, ते चालू करा. ट्रेबलची आणि बासची खुंटी मधोमध ठेवा. मग बॅलन्सची खुंटी पूर्ण डावीकडं, ऐका. पूर्ण उजवीकडं, ऐका. दोन्ही वेळा बॉक्सच्या समोर, सारख्याच अंतरावर उभं राहायचं. एका कोपऱ्यात बसून दोन्ही ऐकलेत तर काही कळणार नाही.

दोन्ही सारखेच दबलेले असतील तर बॉक्सना हात लावू नका. दोन ट्विटर एकाच दिवशी एकाच वेळी मरणं दुर्मीळ. याला एकच मोठा अपवाद, गणपतीत मंडळाला उसने दिलेले बॉक्स. त्याविषयी पुढं.

एकच दबलेला असेल तर ॲम्प बंद करा. प्लगसुद्धा काढा. ॲम्पच्या मागच्या स्पीकरच्या तारा अदलाबदल करा, डावीकडची उजवीकडं. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर ॲम्पचा आउटपुट आयसी जायला क्षण पुरतो, म्हणून टोकं नीट पिळून घ्या. पुन्हा चालू करा. आधी दबलेला बॉक्स अजूनही दबलेलाच असेल तर दोष त्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या तारेत. दुसरा बॉक्स दबला आणि हा मोकळा झाला, तर दोन्ही बॉक्स चांगले आहेत. दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या आधी. अशा वेळी तारा जागेवर आणा आणि ॲम्पच्या इनपुटला असलेल्या आरसीए पिना, लाल आणि पांढरी, अदलाबदल करा. त्याबरोबर दोष पलीकडं गेला तर तो प्लेअरचा किंवा त्या पिनांच्या केबलचा. गेला नाही तर ॲम्पचा.

एवढं घरी करून आलात तर कुठल्याही मेकॅनिकचं अर्धं काम झालेलं असतं, आणि नको तो भाग बदलून पैसे घेण्याची सोय त्याला राहत नाही.

दोन्ही दबलेले असतील तर

पहिला संशय फोनवर घ्या. ब्लूटूथवर दोन वेगळे रस्ते असतात, एक गाण्याचा आणि एक फोनवरच्या बोलण्याचा. बोलण्याच्या जुन्या रस्त्यावर चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही, नव्यावर आठ हजारांपर्यंत जातं. लॅपटॉपवर मीटिंगचं ॲप उघडं राहिलं आणि माइक चालू असला की गाणंही त्याच अरुंद रस्त्यानं येतं. ब्लूटूथच्या यादीत त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये "फोन कॉल" बंद करून "मीडिया ऑडिओ" तेवढं चालू ठेवा. मग तेच गाणं केबल लावून ऐका. केबलवर मोकळं आणि ब्लूटूथवर दबकं, म्हणजे बॉक्सचा काही संबंध नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या भजनाच्या फाईलमध्ये तर टाळ पुष्कळदा आधीच गळून पडलेले असतात.

टीव्हीला ॲम्प जोडला असेल तर टीव्हीचा नाइट मोड, "बोलणं स्पष्ट" करणारा मोड, असलं सगळं बंद करा. ॲम्पवरचं लाउडनेसचं बटण बास फुगवतं आणि त्यापुढं ट्रेबल कमी वाटतो. रात्री हळू आवाजात ऐकायला ते ठीक, दिवसा नको.

कॅसेट ऐकणारे आमच्या भागात अजून आहेत. खानापूर, जांबोटीकडच्या घरांत पारायणाच्या, भजनी मंडळाच्या, कुणाच्या आजोबांच्या आवाजातल्या टेप आहेत आणि त्या दुसरीकडं कुठंही मिळत नाहीत. कॅसेट दबकी वाजली तर क्रम असा. आधी हेड पुसा: कानात घालायच्या काडीला मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. काडी तपकिरी निघाली की समजा, तेवढा ट्रेबल तिच्यावर आला. शेजारचा टेप ओढणारा बारीक पोलादी दांडाही त्याच अल्कोहोलनं पुसा. रबरी चाकाला मात्र पाण्यानं ओलं केलेलं फडकं पुरे. मग डेकवरचं डॉल्बीचं बटण बघा (मिरवणुकीतली डॉल्बी नव्हे, टेपची सरसर कमी करायची सोय). डॉल्बीशिवाय भरलेली टेप डॉल्बी चालू ठेवून ऐकली तर वरचे सूर दाबले जातात. घरी भरलेल्या बहुतेक टेप डॉल्बीशिवायच भरलेल्या असतात. टेपचा प्रकार निवडायचं बटण "क्रोम"वर असेल आणि टेप साधी असेल तर तसंच होतं.

एवढं करूनही एखादीच टेप दबकी वाजत असेल तर ती दुसऱ्या डेकवर भरलेली आहे आणि त्या डेकचं हेड किंचित तिरकं होतं. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवून तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडं-तिकडं फिरवा. एका जागी टाळ एकदम उघडतात. तिथं थांबा. स्क्रू ड्रायव्हर चुंबकाचा नको. मूळ जागेवर आधी खूण करून ठेवा, कारण आता तुमच्या बाकीच्या टेप दबक्या वाजतील. माझं म्हणणं असं की आजोबांची टेप असेल तर तिच्यासाठी हेड जुळवा, ती एकदा फोनमध्ये उतरवून घ्या आणि स्क्रू परत खुणेवर आणून नेलपॉलिशच्या थेंबानं पक्का करा.

आता खोली बघा. दहा हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर, शंभर हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. म्हणून सोफ्याची पाठ, पडदा, शोकेसमधली बाहुली ट्रेबल अडवते आणि बास वळसा घालून येतो. आमच्याकडं बॉक्स ठेवायची ठरलेली जागा म्हणजे कपाटावर, छताला टेकून. तिथून ट्विटर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी वाजत असतो. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. कपाटावरून उतरवणं शक्यच नसेल तर मागून लाकडाची पाचर सारून बॉक्स पुढं झुकवा, आणि पडून डोकं फुटणार नाही अशी दोरी बांधा. कोपऱ्यात ठेवलेला बॉक्स भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं घ्या, बास फुगलेला कमी होतो आणि न वाढवता ट्रेबल दिसायला लागतो. खानापुरी कौलांच्या, वर माळा असलेल्या घरात हा त्रास कमी असतो. स्लॅबच्या नव्या घरात जाड पडदे, गादीचा सोफा आणि कोपऱ्यातले बॉक्स असे एकत्र आले की हमखास होतो.

बॉक्सवर काय पांघरलंय तेही बघा. क्रोशाची कव्हरं, दुकानातून आल्यापासून न काढलेलं प्लास्टिक, फाटलेल्या जाळीऐवजी लावलेलं सोफ्याचं कापड. जाळीच्या कापडाची परीक्षा सोपी आहे. तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला वारा सहज लागला पाहिजे. लागत नसेल तर ट्रेबलही त्यातून जात नाही. दिवाळीत रंगारी जाळी न काढता फवारणी करतो तेव्हा कापडाची भोकं बुजतात, ते कापड बदलावंच लागतं. वडगाव-शहापुरात मागाच्या घरांमधली कापसाची तूस आणि निपाणीकडून येणाऱ्या बॉक्सवरचा तंबाखूचा खकाणा मऊ ब्रशनं जातो. व्हॅक्यूम क्लीनर ट्विटरजवळ नेऊ नका, त्याचा घुमट बाहेर ओढला जातो.

शेवटी आपले कान. हे बोलायला माणसं लाजतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि अशा आवाजानं पहिल्यांदा जातो तो चार हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग, म्हणजे नेमका ट्विटरचा. वयानं वरचं टोक आपोआप उतरतं. साठीनंतर बारा हजारांच्या वरचं पुष्कळांना ऐकूच येत नाही. आयुष्य मागावर काढलेले एक आजोबा दोन्ही बॉक्स रिक्षात घालून आले. मी लावलं, मला मोकळं ऐकू आलं. बरोबर आलेली नात म्हणाली, "आज्जा, घरात पण असंच वाजतंय की." तेव्हापासून दोन्ही बॉक्स दबलेत अशी तक्रार आली की मी विचारतो, घरातली लहान पोरं काय म्हणतात? त्यांना मोकळं वाजतंय असं वाटत असेल तर बॉक्सऐवजी कानाच्या डॉक्टरकडं जा. आजोबांना मी ट्रेबलची खुंटी थोडी वर करून दिली. त्यात वावगं काही नाही.

एकच बॉक्स दबलेला असेल तर

वर्तमानपत्राची सुरळी करा. तरुण भारत घरात असतोच, त्याची चालेल. आवाज हळू ठेवा, सुरळीचं एक टोक कानाला, दुसरं ट्विटरसमोर. मग तसंच दुसऱ्या बॉक्सला. चांगल्या ट्विटरमधून सुरळीत नुसती चिवचिव, सस्स-सस्स ऐकू येते. मेलेल्यातून काही नाही, फक्त शेजारच्या वूफरचा आवाज लांबून आल्यासारखा. अगदी बारीक पण येत असेल तर ट्विटर जिवंत आहे आणि त्याच्या वाटेत काहीतरी अडलंय.

आता मागं बघा. काही बॉक्सना दोनऐवजी चार टर्मिनल असतात, वरची जोडी ट्विटरची, खालची वूफरची. दोन्ही जोड्या जोडणाऱ्या दोन सोनेरी पट्ट्या असतात. घर बदलताना किंवा रंगकामात या पट्ट्या हरवतात, किंवा खालचं नट सैल राहतं. तार खालच्या जोडीला लागलेली असेल तर वूफर वाजतो, ट्विटर नाही, आणि माणूस बॉक्स जळाला म्हणून घेऊन येतो. पट्टी नसेल तर साध्या तारेचे दोन तुकडे, दोन्ही बाजू सोलून, लाल ते लाल आणि काळं ते काळं जोडा.

कणकुंबी, चोर्ला, जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात तांब्याच्या तारेची टोकं काळी-हिरवी पडतात. पुसत बसू नका. अर्धा इंच कापा आणि नवीन सोला. टर्मिनलच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा. स्प्रिंगच्या क्लिपमध्ये तारेचं प्लास्टिकच अडकलेलं असतं, तेही बघा. मात्र आवाज दबला म्हणून जाड, महागडी तार विकत घेऊ नका. बारा-पंधरा फुटांच्या घरात साध्या तांब्याच्या तारेनं ट्रेबल जात नाही.

जुन्या मोठ्या बॉक्सवर मागं किंवा पुढं ट्विटरची पातळी कमी-जास्त करायची खुंटी असते. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून तिच्या आतल्या पट्टीवर पुटं चढतात. आवाज बंद ठेवून ती पंचवीस-तीस वेळा पूर्ण इकडून तिकडं फिरवा. कित्येक बॉक्स एवढ्यानंच बरे होतात.

बॉक्स उघडायचा झाला तर

इथवर काही सापडलं नसेल तरच. तारा ॲम्पपासून काढलेल्या हव्यात. आतल्या जोडण्यांचा फोटो आधी काढा, कुठली तार ट्विटरच्या लाल खुणेला गेलीय ते फोटोत दिसलं पाहिजे. स्क्रू काढल्यावर स्पीकर आतल्या तारांना लोंबकळू देऊ नका.

बॉक्सच्या मागच्या टर्मिनलला मीटर लावून सहा ओहम आले म्हणून सगळं ठीक असं समजू नका. ते सहा ओहम वूफरचे आहेत. ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर असतो आणि तो मीटरचा डीसी प्रवाह पुढं जाऊच देत नाही. म्हणून ट्विटरची एक तार सोडवून थेट त्याच्या दोन पायांवर मीटर लावायचा, २०० ओहमच्या रेंजवर. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. ८ ओहमचा ट्विटर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली.

पण थांबा. स्वस्त बॉक्समध्ये आणि लग्नमंडपातल्या बॉक्समध्ये पिझो ट्विटर असतो. त्यात कॉइलच नसते, मागं चुंबकाचा जड गोळाही नसतो. तो चांगला असला तरी मीटर काहीच दाखवत नाही. हातात घेतल्यावर अगदी हलका लागला तर पिझो समजा आणि मीटरवर विश्वास ठेवू नका. चांगल्या बॉक्सच्या तारांवर लावून ऐका. कॉइलच्या ट्विटरला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवून लगेच काढला की "टिक्" असा आवाज येतो. नऊ व्होल्टची बॅटरी लावू नका.

कॉइल ठीक असेल तर कंडेन्सर बघा. ट्विटरच्या तारेत ओवलेला, बहुतेक वेळा २.२, ३.३ किंवा ४.७ मायक्रोफॅरडचा. जुन्या बॉक्समध्ये तो नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक असतो. आतलं द्रव वर्षांनुवर्षं सुकत जातं आणि ट्रेबल हळूहळू उतरतो. इतका हळूहळू की घरच्यांना कळत नाही, पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलाला कळतं. त्याच मूल्याचा, १०० व्होल्ट किंवा जास्तीचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घाला. तो फार महाग नसतो आणि सुकत नाही. एका बॉक्सचा बदललात तर दुसऱ्याचाही बदला, नाहीतर पुन्हा डावं-उजवं वेगळं ऐकू येईल.

मूल्य मात्र तेच हवं. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ चा कंडेन्सर साधारण ४,२०० हर्ट्झपासून वरचं जाऊ देतो. दुकानात ४.७ नव्हता म्हणून कुणी १ मायक्रोफॅरड घातला तर तो वीस हजारांच्या आसपासचं दार उघडतो, म्हणजे ट्विटर बसवूनही न बसवल्यासारखा. आणि "ट्रेबल जास्त यावा" म्हणून १० घातला तर ट्विटरवर बासचं ओझं येऊन तो जळतो. दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर येतात. कंडेन्सरच्या शेजारी पांढऱ्या सिमेंटच्या विटेसारखा रेझिस्टर असेल तर त्यावर लिहिलेले ओहम मीटरवर येतात का तेही बघा.

कॉइलही ठीक, कंडेन्सरही ठीक, तरी दबका? मग दोन शक्यता. पहिली, काही ट्विटरमध्ये चुंबकाच्या फटीत लोहयुक्त तेल असतं, ते जुनं होऊन डिंकासारखं घट्ट होतं आणि कॉइलला धरून ठेवतं. घुमटाची चकती सुटी होणारी असेल तर फट टिपकागदानं आणि आयसोप्रोपिलनं पुसून नवीन तेल घालता येतं, पण हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे. दुसरी शक्यता खास आमच्याकडची. उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवरून, कधी हवेतूनही, लोखंडाची भुकटी घरात येते आणि चुंबकाकडं खेचली जाते. ट्विटरच्या घुमटावर काळे कण केसासारखे उभे दिसले तर तेच. फुंकून ते निघत नाहीत, उलट फटीत जातात. चिकटपट्टीची चिकट बाजू बोटावर बाहेर करून हलकेच टेकवा आणि उचला, पुन्हा नवीन तुकडा. वूफरच्या मधल्या टोपीवरही तसंच करा. वूफरच्या कागदावर चारी बोटं सारखी ठेवून हळूच आत दाबलं आणि खरखर लागली, तर कण कॉइलपर्यंत पोचलेत. मग तो वूफर कारागिराकडं.

गणपतीचं सांगायचं राहिलं. बेळगावची विसर्जन मिरवणूक संपली की पुढच्या आठवड्यात माझ्याकडं ट्विटरच ट्विटर. मंडळाचं म्हणणं एकच, "बॉक्स शंभर वॅटचा आहे की हो, ॲम्प तर चाळीसचाच होता." तीच गोची आहे. छोटा ॲम्प पूर्ण पिळला की लहरींची टोकं छाटली जातात आणि त्या छाटण्यातून नको तेवढी ताकद वरच्या सुरांत जाते. बॉक्सवरचे शंभर वॅट बहुतांशी वूफरच्या भरवशावर लिहिलेले असतात, ट्विटर त्यातले थोडेच झेलतो. त्यात ट्रेबलची खुंटी टोकाला. १० डेसिबल ट्रेबल वाढवणं म्हणजे त्या सुरांना दहापट ताकद देणं. ट्विटर बदलून दिला तरी पुढच्या वर्षी आवाज तेवढाच ठेवणार असाल तर तो पुन्हा जळणार, हे मी पावतीवरच लिहून देतो.

नवा ट्विटर घेताना ओहम जुळवा, भोकाचं माप जुळवा आणि जमलं तर दोन्ही बॉक्सना एकाच जातीचे घ्या. जोडताना लाल खूण फोटोप्रमाणंच. ती उलटी लागली तर ट्विटर वाजतो पण वूफरशी भांडतो, आणि गाणाऱ्याच्या आवाजाचा मधला भाग खचल्यासारखा वाटतो.

दोष ॲम्पमध्ये निघाला तर

इथं मी हात आखडता घ्यायला सांगतो. आत २३० व्होल्ट आहेत, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये विजेचा साठा काही वेळ राहतो. झाकण न उघडता करता येण्यासारखं एवढंच: टेप मॉनिटरचं बटण, स्पीकर ए-बी चं बटण, बॅलन्स आणि ट्रेबलच्या खुंट्या, सगळं आवाज बंद ठेवून पुष्कळ वेळा इकडं-तिकडं करा. आतले संपर्क घासून साफ होतात. एका बाजूचा आवाज हळू लावल्यावर दबतो आणि मोठा केला की मोकळा होतो, असं असेल तर स्पीकरच्या रिलेचे (ॲम्पमधल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) संपर्क काळे पडलेत, हे मेकॅनिकला तसंच्या तसं सांगा. दारं-बिजागऱ्यांना मारायचा तेलाचा स्प्रे खुंट्यांत मारू नका. त्यावर धूळ बसून चिखल होतो. संपर्क साफ करायचा वेगळा स्प्रे मिळतो, तो मागा.

दुरुस्तीला आणताना एकच बॉक्स काखोटीला मारून आणू नका. दोन्ही आणा, एक चांगला असला तरी, म्हणजे कशाशी ताडून बघायचं ते मला कळेल. ॲम्प हलका असेल तर तोही. ज्या गाण्यात दबकेपणा जाणवला ते गाणं फोनमध्ये ठेवा. आणि बॉक्स घरी आधी उघडला असेल तर निघालेले स्क्रू शर्टाच्या खिशात न ठेवता कागदाच्या पुडीत बांधून बॉक्सला चिकटवा. त्या मापाचे काळे स्क्रू शोधत मला गणपत गल्लीपर्यंत जावं लागतं.